पान एक, ब्राउझर अनेक: बिघडलेली मांडणी कशी दुरुस्त करावी

काणकोण तालुक्यातील एका छोट्या होमस्टेचे संकेतस्थळ मी तयार करून दिले होते. पर्यटनाचा हंगाम सुरू झाला आणि आठवडाभरातच मालकांचा फोन आला. "अहो, पाहुणे म्हणतात, खोली राखून ठेवायचे बटणच पानावर नाही. माझ्या मोबाइलवर तर ते रोज दिसते, मग त्यांचे गेले कुठे?" ज्या पाहुण्याने तक्रार केली होती, त्याने आपण आयफोनवर क्रोम वापरतो असेही कळवले होते. मी म्हापशात बसून लॅपटॉपवर क्रोम उघडले, खिडकी फोनाइतकी अरुंद करून पाहिली, तर बटण जागच्या जागी होते. पुढचे दोन दिवस मी चुकीच्या ठिकाणी दोष शोधत राहिलो. त्याची उकल पुढे येईलच.

गोव्यात हा प्रश्न जरा जास्तच भेटतो. स्थानिक मालकाच्या हातात अँड्रॉइड असते, परदेशी पाहुण्याच्या हातात आयफोन असतो, आणि हिशेबनिसाच्या टेबलावर जुन्या विंडोजवरचे फायरफॉक्स असते. तिघांनाही तेच पान नीट दिसावे, ही अपेक्षा रास्त आहे. ती पूर्ण करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: मांडणी बिघडल्यावर दोष ब्राउझरच्या माथी मारणे सोपे असले, तरी बहुतेक वेळा आपलेच काही सांगायचे राहून गेलेले असते, आणि आपण मोकळी सोडलेली जागा प्रत्येक ब्राउझर आपल्या पद्धतीने भरत असतो. त्यामुळे दुरुस्ती म्हणजे मुख्यतः न सांगितलेली गोष्ट शोधून ती स्पष्ट सांगणे होय. (पुढे सीएसएसमधील, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील, नावे वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत; फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.)

आधी इंजिन ओळखावे

ब्राउझरांची नावे अनेक असली, तरी पान रेखाटणारी इंजिने मोजकी आहेत. क्रोम, ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट आणि जानेवारी २०२० पासूनचे एज ही सर्व ब्लिंक या इंजिनावर चालतात. फायरफॉक्सचे इंजिन गेको आहे आणि सफारीचे वेबकिट. इंटरनेट एक्सप्लोररला मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी निरोप दिला असल्याने त्याच्यासाठीच्या जुन्या क्लृप्त्या कुठे वाचायला मिळाल्या, तर त्या तशाच सोडून द्याव्यात. कळीची बाब अशी की आपल्याकडे आयफोनवर क्रोम घ्या वा फायरफॉक्स, आत वेबकिटच असते. म्हणजे 'आयफोनवरचे क्रोम' या शब्दांतील 'आयफोन' हा शब्द 'क्रोम'पेक्षा महत्त्वाचा होता, आणि मी नेमका तोच नजरेआड केला होता.

यावरून तपासणीची यादीही आखूड होते. ब्लिंक, गेको आणि वेबकिट या तिघांत पान पाहिले की बहुतेक काम झाले. तक्रार करणाऱ्याकडून पडद्याचे छायाचित्र, यंत्राचे नाव, ब्राउझरची आवृत्ती, फोन उभा होता की आडवा, आणि अक्षरांचा आकार सेटिंगमधून वाढवलेला आहे का, एवढे विचारून घ्यावे. 'पान बिघडले आहे' एवढ्याच वाक्यावर काम सुरू करू नये. त्याला पान खाजगी खिडकीत पुन्हा उघडून पाहायलाही सांगावे, कारण कित्येक तक्रारींच्या मुळाशी कॅशेमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, राहिलेली जुनी स्टाइलशीट (सीएसएसची फाइल) असते. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शनही कधी कधी निष्पाप चौकट गायब करते. चौकटीच्या क्लासला जाहिरातीसारखे नाव दिले असेल, तर ते बदलावे.

पानाचा माथा

दुसरे काही करण्यापूर्वी एचटीएमएलच्या, म्हणजे पानाचा सांगाडा लिहिलेल्या फाइलच्या, पहिल्या ओळी पाहाव्यात. डॉकटाइप, म्हणजे पानाचा प्रकार सांगणारी ओळ, नसेल, किंवा त्याच्या आधी काही मजकूर छापला जात असेल, तर ब्राउझर पान क्वर्क्स मोडमध्ये, म्हणजे पूर्वीच्या काळच्या सवयींनुसार दाखवतो. त्या मोडमध्ये टक्क्यांतील उंची, टेबलातील अक्षरांचा आकार अशा गोष्टी वेगळ्या वागतात. डॉकटाइप फाइलमध्ये डोळ्यांना दिसतो, म्हणून निश्चिंत राहू नये. सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या पीएचपीने एखादी इशाऱ्याची ओळ पानाच्या आधी छापली, तरी डॉकटाइप निकामी होतो. शहानिशा करण्यासाठी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील कन्सोलमध्ये 'डॉक्युमेंट.कॉम्पॅटमोड' विचारावे. 'सीएसएस१कॉम्पॅट' असे उत्तर आले तर ठीक. 'बॅककॉम्पॅट' आले तर आधी तेच दुरुस्त करावे, कारण त्या अवस्थेत केलेली इतर सर्व मेहनत पाण्यात जाते.

त्याखाली व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान दिसण्याच्या जागेचा, मेटा टॅग असावा आणि त्यात रुंदी यंत्राच्या रुंदीइतकी सांगितलेली असावी. तो नसेल तर फोन पानाला संगणकाचे पान समजतो. आयफोन ते ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसून दाखवतो, आणि मग अक्षरे मुंगीएवढी दिसतात.

त्यानंतर डब्ल्यूथ्रीसीच्या, एचटीएमएलमधील चुका दाखवणाऱ्या, व्हॅलिडेटरमधून पान एकदा तपासून घ्यावे. न मिटलेला डिव्ह (चौकटीचा टॅग) किंवा टेबलात भलत्या जागी पडलेला टॅग कसा सावरून घ्यायचा, याचे नियम एचटीएमएल ५ पासून ठरलेले आहेत आणि सर्व ब्राउझर ते पाळतात. त्यावरून एक उपयोगी ठोकताळा मिळतो: पान सगळीकडे सारखेच बिघडत असेल तर एचटीएमएलकडे पाहावे, आणि एकाच ठिकाणी बिघडत असेल तर सीएसएस, फॉन्ट किंवा आवृत्तीकडे.

दोषी चौकट शोधण्याची रीत

आडवी स्क्रोलपट्टी आली आहे, पण बाहेर डोकावणारी चौकट कोणती ते कळत नाही, असा प्रसंग नेहमीचा आहे. अशा वेळी सर्व घटकांना एक पिक्सेलची लाल आउटलाइन तात्पुरती लावावी. बॉर्डर लावू नये, कारण बॉर्डर स्वतः जागा घेते आणि मांडणी आणखी हलवते; आउटलाइन जागा घेत नाही. तरीही थांग लागला नाही, तर पानाचा निम्मा भाग डेव्हलपर टूल्समधून काढून टाकावा, दोष उरला आहे का ते पाहावे, आणि उरलेल्या भागाचेही असेच निम्मे करीत जावे. हजार ओळींचे पान दहा-अकरा फेऱ्यांत एका ओळीवर येते. संशयित घटक सापडला की दोन ब्राउझरांत त्याचे 'कॉम्प्युटेड' पॅनेल शेजारी शेजारी उघडून आकडे ताडून पाहावेत. जो आकडा जुळत नाही, तिथेच आपण काहीतरी सांगायचे राहिलेले असते.

उंचीचे कोडे

आता त्या हरवलेल्या बटणाकडे वळू. पहिल्या पडद्याच्या चौकटीला मी १००व्हीएच, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीइतकी, उंची दिली होती, बाहेर जाणारा भाग ओव्हरफ्लो हिडन करून झाकला होता, आणि बटण चौकटीच्या तळाशी बसवले होते. फोनवरचे ब्राउझर व्हीएच मोजताना पत्त्याची पट्टी आक्रसलेली आहे असे धरतात, म्हणजे उंची जास्तीत जास्त धरली जाते. पान उघडताक्षणी मात्र ती पट्टी पूर्ण पसरलेली असते, त्यामुळे तेवढ्याच उंचीचा तळचा भाग पडद्याखाली जातो. स्क्रोल करण्याची सोय मीच बंद केलेली असल्याने बटण कायमचे बुडाले.

शेजारच्या दुकानदाराचा आयफोन मागून घेतल्यावर हे दिसले. मग मनात शंका आली म्हणून माझ्या अँड्रॉइडवर पान नव्याने उघडले, तर तिथेही बटण अर्धे बुडालेले! मालकांना ते दिसत होते, याचे कारण निराळेच होते: त्यांनी पानाचे चिन्ह फोनच्या होम स्क्रीनवर ठेवले होते, आणि तेथून उघडल्यावर पान पत्त्याच्या पट्टीविना, पूर्ण पडदा व्यापून उघडत असे. लॅपटॉपवरच्या अरुंद खिडकीत तर आक्रसणारी पट्टी नसतेच. सफारी निर्दोष होती, क्रोमही निर्दोष होते. चूक सरळसरळ माझी होती.

यावरील उपाय असा. ठाम उंचीऐवजी किमान उंची, म्हणजे मिन-हाइट वापरावी, जेणेकरून मजकूर वाढला तर चौकटही वाढेल. आधी १००व्हीएचची ओळ लिहावी आणि तिच्याखाली १००एसव्हीएचची. एसव्हीएच हे एकक पट्टी पसरलेली असतानाची, म्हणजे कमीत कमी उंची धरते. ते सफारीत १५.४ आणि क्रोममध्ये १०८ या आवृत्तीपासून आहे. जुन्या ब्राउझरला दुसरी ओळ समजत नाही, म्हणून तो ती सोडून देतो आणि पहिली पाळतो. डीव्हीएच हे तिसरे एकक पट्टीबरोबर कमीजास्त होते, पण त्यामुळे स्क्रोल करताना चौकट हिसके देते. बटणासारख्या वस्तूसाठी मी ते टाळतो.

देवनागरीचा प्रश्न

इंग्रजीसाठी बनवलेला तयार साचा घ्यायचा आणि त्यात मराठी मजकूर भरायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. अशा साच्यात शीर्षकाची लाइन-हाइट, म्हणजे अक्षराच्या मानाने ओळीची उंची, बहुधा १.१ किंवा १.२ असते. रोमन अक्षरांना ती पुरते. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार असतात, खाली उकार आणि ऋकार असतात. फोंड्याकडील एका मंदिराच्या भजनी सप्ताहाचे वेळापत्रक लावताना 'श्रींच्या मूर्तीची पालखी' या शीर्षकातील सगळे अनुस्वार आणि रफार विंडोजवर छाटले गेले होते, तर अँड्रॉइडवर ते शाबूत होते. ब्राउझर दोन्हीकडे क्रोमच होता. फरक फॉन्टचा होता: मी फॉन्ट ठरवून दिला नव्हता, म्हणून विंडोजने निर्मला यूआय वापरला आणि अँड्रॉइडने नोटो सान्स देवनागरी. मॅकवर आणखी तिसराच फॉन्ट येतो. प्रत्येकाची उंची वेगळी, रुंदीही वेगळी.

म्हणून मराठी पानासाठी फॉन्ट स्वतः पुरवावा. खुल्या परवान्याच्या 'मुक्त' किंवा 'नोटो' यांपैकी एखादा फॉन्ट डब्ल्यूओएफएफ२ या वेबसाठीच्या स्वरूपात आपल्याच सर्व्हरवर ठेवणे उत्तम. फॉन्टचे तुकडे करून घेतले असतील, तर देवनागरीचा तुकडा खरोखर उतरतो का, हे नेटवर्क पॅनेलमध्ये पाहावे. अनेकदा फक्त लॅटिन तुकडा जोडलेला असतो आणि मराठी अक्षरे यंत्राच्या फॉन्टमधून येत राहतात. ठळक वजनाची फाइलही वेगळी जोडावी, नाहीतर ब्राउझर साधे अक्षरच जाड करून दाखवतो आणि जोडाक्षरांची पोटे भरून जातात. शीर्षकाला १.४च्या आसपास आणि मजकुराला १.६ ते १.७ लाइन-हाइट द्यावी. लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवावे, कारण अक्षरांत अंतर पडले की शिरोरेघ तुटते.

पानाच्या मूळ टॅगवर भाषा मराठी असल्याचे 'एमआर' या संकेताने नोंदवावे. ही नोंद केवळ औपचारिक नाही. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, तिथे ही नोंद असेल तरच ते आपोआप निवडले जातात. नसेल तर हिंदी वळणाची अक्षरे येतात. म्हापशातल्या छापखान्यात ज्यांनी आयुष्य काढले आहे, अशा माणसाच्या नजरेला ते लगेच खटकते.

बटणाला ठाम उंची-रुंदी देऊ नये, पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्यावे. 'नोंदणी करा' हे शब्द एका फॉन्टमध्ये एका ओळीत मावतात, दुसऱ्यात दोन ओळी होतात, आणि ठाम उंची असेल तर दुसरी ओळ बटणाबाहेर लोंबते.

रुंदीचे हट्ट

फ्लेक्समधील, म्हणजे घटक रांगेत मांडणाऱ्या पद्धतीतील, घटकाची मिन-विड्थ (किमान रुंदी) मुळात 'ऑटो' असते. याचा अर्थ, आत न तुटणारा लांबलचक मजकूर असेल, तर घटक त्याहून अरुंद व्हायला नकार देतो आणि सगळी रांग बाहेर ढकलतो. देणगीच्या चौकटीतील लांब यूपीआय पत्ता किंवा ईमेल हे याचे नेहमीचे कारण. एका फॉन्टमध्ये तो जेमतेम मावतो, दुसऱ्यात मावत नाही, आणि मग दोष ब्राउझरचा वाटतो. त्या घटकाला मिन-विड्थ शून्य द्यावी आणि मजकुराला ओव्हरफ्लो-रॅप एनीव्हेअर लावावे. सर्व घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स द्यावे, म्हणजे पॅडिंग वाढले तरी रुंदी वाढत नाही. चित्रांना मॅक्स-विड्थ १०० टक्के आणि हाइट ऑटो द्यावी.

विंडोजवर आडवी पट्टी येते पण मॅकवर येत नाही, असे दिसले तर १००व्हीडब्ल्यू (पडद्याच्या पूर्ण रुंदीचे माप) शोधावे. विंडोजवरील नेहमीची उभी स्क्रोलपट्टी साधारण १५ ते १७ पिक्सेल जागा अडवते, मॅकवर ती बहुधा मजकुरावर तरंगते, आणि व्हीडब्ल्यू मोजताना ही जागा वजा होत नाही. १००व्हीडब्ल्यूऐवजी १०० टक्के लिहिले की प्रश्न मिटतो.

फॉर्मचे घटक ही वेगळीच प्रजा आहे. बटणे, निवडयाद्या आणि तारखेचे रकाने प्रत्येक यंत्र आपल्या चालीने रंगवते. त्यांना फॉन्ट इनहेरिट (पानाचाच फॉन्ट घेणे) सांगावा आणि जिथे रूप एकसारखे हवेच असेल, तिथे अपिअरन्स नन लावून बॉर्डर व पॅडिंग स्वतः द्यावे. आयफोनवर रकान्यातील अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल, तर त्यात टिचकी मारताच पान मोठे होऊन सरकते. १६ पिक्सेल ठेवले की थांबते. त्याहून अधिक एकसारखेपणाचा हट्ट धरू नये. पाहुण्याला त्याच्या फोनवरची ओळखीची तारीखपेटी दिसली, तर त्यात बिघडले काही नाही.

जुन्या आवृत्त्या

त्याच मंदिराच्या कार्यालयात एक जुना आयपॅड होता, ज्याची प्रणाली आयओएस १२च्या पुढे जात नव्हती. त्यावर उत्सवाची छायाचित्रे एकमेकांना चिकटून दिसत. फ्लेक्समधील गॅप (घटकांमधले अंतर) हा गुणधर्म फायरफॉक्समध्ये ६३, क्रोममध्ये ८४, पण सफारीत १४.१ या आवृत्तीपासून आला. त्या आयपॅडला तो माहीतच नव्हता. असा गुणधर्म 'ॲट-सपोर्ट्स'ने तपासता येतो, मात्र गॅपच्या बाबतीत ही तपासणी फसवी आहे. ग्रिडमधील (जाळीसारख्या मांडणीतील) गॅप त्या सफारीला येत असल्याने ती 'होय' म्हणते आणि फ्लेक्समध्ये काहीच करीत नाही. मी ती रांग ग्रिडवर नेली. मार्जिन देऊनही भागले असते.

गुणधर्म कुठे चालतो हे 'कॅन आय यूज' या संकेतस्थळावर पाहावे. 'बेसलाइन' या खुणेवरही लक्ष ठेवावे: सर्व मुख्य ब्राउझरांत येऊन ३० महिने झालेल्या गोष्टीला तिथे 'सर्वत्र उपलब्ध' धरले जाते. गुणधर्मांना लागणारे ब्राउझरनिहाय उपसर्ग हाताने लिहू नयेत, ऑटोप्रीफिक्सर या साधनाकडून करून घ्यावेत. एक सापळा मात्र तोही तुमच्यासाठी उघडणार नाही. वेबकिट आणि मोझिला यांच्या उपसर्गांचे सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू हे सांगणारे शब्द) स्वल्पविरामाने एकाच नियमात जोडले, तर क्रोमला मोझिलाचा सिलेक्टर अवैध वाटतो आणि तो संपूर्ण नियम टाकून देतो. स्लायडरच्या गोट्याला रंग देताना हे हटकून घडते. दोन नियम वेगळे लिहावेत, भले आतील ओळी त्याच असोत.

वर चिकटून राहणारी स्टिकी पट्टी चिकटत नसेल, तर तिच्या एखाद्या पूर्वज घटकाला ओव्हरफ्लो हिडन किंवा ऑटो दिलेले आहे का ते पाहावे, आणि पट्टीला टॉपचे मूल्य दिले आहे ना तेही. आयफोनवर बॅकग्राउंड-अटॅचमेंट फिक्स्ड (पार्श्वचित्र जागीच खिळवणे) चालत नाही; तो मोह सोडावा.

मॅक नसताना तपासणी

क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये आयफोन निवडला की आयफोन मिळत नाही, आयफोनच्या मापाची क्रोमची खिडकी मिळते. इंजिन ब्लिंकच राहते. विंडोज किंवा लिनक्सवर वेबकिट पाहायचे असेल, तर प्लेराइट या तपासणीच्या साधनाबरोबर येणारे वेबकिट चालवावे, किंवा लिनक्सवर ग्नोम वेब हा ब्राउझर. दोन्ही सफारीच्या बरीच जवळ जातात. दूरस्थ यंत्रे भाड्याने देणारी ब्राउझरस्टॅकसारखी सेवाही आहे, आणि मोठे काम असेल तर तिचे पैसे वसूल होतात. तरी पत्त्याची पट्टी, कीबोर्ड उघडल्यावर आक्रसणारा पडदा आणि बोटाने केलेले स्क्रोल यांसाठी खरा फोन हातात घ्यावाच. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर ठेवून, लॅपटॉपचा आयपी पत्ता फोनमध्ये टाकला की सर्व्हरवर न चढवताच पान पाहता येते. त्यासाठी स्थानिक सर्व्हर सर्व पत्त्यांवर ऐकत असला पाहिजे. अँड्रॉइड यूएसबीने जोडून क्रोमच्या इन्स्पेक्ट पानातून त्याची तपासणी लॅपटॉपवर करता येते. आयफोनसाठी हीच सोय मॅकवरच्या सफारीतून मिळते.

प्रत्येक दुरुस्तीनंतर तिन्ही इंजिनांत पान पुन्हा पाहावे, केवळ तक्रारीच्या ब्राउझरात नव्हे. एखाद्याच ब्राउझरसाठी ओळ घालावीच लागली, तर तिच्यावर टीप लिहावी: कोणत्या आवृत्तीसाठी, कशामुळे, कोणत्या तारखेला. होमस्टेच्या स्टाइलशीटमध्ये १००व्हीएचच्या ओळीवर माझी अशी टीप आहे. १५.४ पूर्वीच्या सफारीचा पाहुणा येईनासा झाला, की ती ओळ काढायची आहे.